नसलेल्या देशाचा शिक्का

स्टॉकहोमला दुपारी तीनलाच अंधारतं.
साक्षीदार क्रमांक सात म्हणजे मी,
बुरुल असानोवा, वय एकाहत्तर,
निवृत्त लिपिक, खनिज परवाना कक्ष, नारीन.
पाणी हवंय का, विचारतात.
साधं की बुडबुड्यांचं, तेही विचारतात.

समोर तीन लवाद.
एक कंपनीनं नेमलेला, एक आमच्या सरकारनं,
आणि मधल्या बाई त्या दोघांनी मिळून.
बाई बोलत नाहीत, पेन्सिलीला टोक काढत बसतात.
दावा एकेचाळीस कोटी डॉलरचा.
डोंगर कुणाचा, हा म्हणे प्रश्नच नाही.
प्रश्न एवढाच, की त्र्याण्णव सालच्या परवान्यावरचा
गोल शिक्का कुठल्या देशाचा.

पडद्यावर तो गाडीच्या चाकाएवढा करून लावलाय.
विळा दिसतो, कणसं दिसतात,
कडेची अक्षरं फिसकटलेली.
"हा देश तेव्हा अस्तित्वात होता का?"
आमच्याच सरकारचे वकील, लंडनहून आणलेले.
दुभाषी ऐजान माझ्या कानाशी तेच हळूच सांगते,
आणि आमच्या बोलीत तो प्रश्न
गेलेल्या माणसाची चौकशी करावी तसा येतो.

नव्हता, मी म्हणते. जाऊन चौदा महिने झाले होते.
नवा शिक्का राजधानीतून निघाला होता,
खिंडीत बर्फ होतं.
"मग जुना का मारलात?"
मग कुठला मारायचा, साहेब?
शेजारच्या खोलीतून जन्माचे दाखले त्यावरच जात होते.
माझ्या भाच्याचं लग्न त्याच शिक्क्यानं लागलं,
तीन मुलं आहेत त्याला, तीही रद्द धरायची का?
(हे बोलले नाही. ऐजानच्या भुवया पाहून गिळलं.)

मग वाचलं ते स्थैर्याचं कलम:
तीस वर्षं कर बदलणार नाही,
नियम बदलणार नाही, पाण्याचा दर बदलणार नाही.
त्या हिवाळ्यात पावाचा भाव
रांगेच्या तोंडाला एक होता, शेपटाला दुसरा.
मे महिन्यात तर नोटाच बदलल्या.
खाणीच्या डोक्यावरची हिमनदी
दर वर्षी थोडी मागे सरते,
तिची सही घ्यायचं कुणाला सुचलं नाही.

शेवटी कॉफी.
"श्री. ट्रेव्हेना यांनी तुम्हाला काही दिलं होतं?"
हो. कॉफीचा डबा.
खोलीभर टकटक चाललेली, ती थांबली.
"शिक्का मारण्याआधी, की नंतर?"

गुरुवार होता. काचांना आतून बर्फ.
पगार पाच महिने थकलेला.
शाई गोठलेली, म्हणून दौत मी कोटाच्या आत
पोटाशी धरून बसले होते, अंड्यावर बसावं तशी.
ओमुरकुलोव साहेब म्हणाले, उरक गं, चारला विमान आहे त्यांचं.
तो परका माणूसही थंडीनं निळा पडला होता.
कुणी काही बोलत नव्हतं.
त्यानं पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला.
मी झाकण उघडलं, नुसता वास घेतला,
एका हातानं. दुसरा दौतीवर होता.

"आधी, की नंतर?"
शाई वितळेपर्यंत, मी म्हणते.
ऐजान अडखळते. दोन्ही बाजूंचे वकील तिच्याकडे बघतात.
"मध्ये," ती म्हणते.

निवाडा दोन वर्षांनी आला, सहाशे बारा पानांचा.
भाच्यानं दोनदा समजावून सांगितला.
कंपनीला थोडं मिळालं, सरकारला थोडं,
वकिलांना सगळं.
मी आहे पान तीनशे सहाच्या तळाशी, बारीक अक्षरात:
साक्षीदार प्रामाणिक वाटली,
मात्र घटनाक्रमाबाबत तिच्या स्मृतीवर विसंबता येत नाही.

डबा अजून आहे. त्यात बटणं ठेवते.
वास केव्हाच गेला.
झाकण मात्र असं घट्ट बसतं
की उघडायला दोन्ही हात लागतात.